मान वाकवा, सयामा

आमच्या कोल्हापुरात धुळवड मटणाची आणि पंचमी रंगाची, ही वाटणी ठरलेली. बाहेरगावचा नवा माणूस धुळवडीला पांढरा शर्ट जपत फिरतो आणि पंचमीला बेसावध सापडतो. मी याच गावात जन्मले, इथंच चौतीस वर्षं गणित शिकवलं. पाण्याच्या सणाला कसं सामोरं जायचं हे मला कुणी सांगायला नको, अशी माझी समजूत होती. अंगात जुना पंजाबी ड्रेस, केसांना चपचपीत खोबरेल, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. १३ एप्रिल २०१९ च्या सकाळी अशी जय्यत तयारी करून मी मे सोतमधल्या शाळेच्या फाटकाबाहेर पडले. दहा पावलांवर सहा-सात वर्षांचं एक पोरगं ॲल्युमिनियमचं भांडं धरून उभं होतं. त्यानं नेम धरला नाही की आरडाओरडा केला नाही. जवळ आलं, ‘सयामा’ म्हणालं, आणि मी पाठ वळवल्यावर माझ्या खांद्यावरून सावकाश, धार तुटू न देता, पिंडीवर अभिषेक करावा तसं पाणी सोडलं. मग मान लववली आणि निघून गेलं. पाण्यात बर्फ होता. मी किंचाळले ते नंतर.

मे सोत हे थायलंडच्या ताक प्रांतातलं सरहद्दीवरचं गाव. कडेनं मोएई नदी, पलीकडे म्यानमारचं म्यावडी, मध्ये १९९७ साली झालेला मैत्री पूल. गावात कपड्यांचे कारखाने, भोवती मक्याची शेतं, आणि दोन्हीकडे राबणारी बर्मी आणि कारेन माणसं. आपल्या इचलकरंजीत मागावर बिहार-ओडिशाची पोरं असतात तशी. अशा कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका लहानशा शाळेत मी पाच महिने बिनपगारी गणित शिकवायला गेले होते. ‘सयामा’ म्हणजे बाई, मास्तरीण. त्यातला ‘सया’ मूळचा पालीतला आचार्यच, हे कळलं तेव्हा मला उगीचच दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं. उन्हाळ्याच्या सुट्टीतही वसतिगृहात तीसेक मुलं उरली होती. काहींना पुलापलीकडच्या गावी जाणं परवडत नव्हतं, काहींना जायला गाव उरलं नव्हतं. त्यांचा अपूर्णांकांचा वर्ग मी घेत होते.

जायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यात मोठा विरोध आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. वय चौऱ्याऐंशी, नऊवारी, आवाज खणखणीत. “हितली पोरं संपली व्हय शिकवून? समुद्रापल्याड कशाला तडमडायचं?” हे मात्र गप्प बसून हसत होते. पुढे एकदा फोनवर मी आत्याबाईंना नदीबद्दल सांगितलं. थायलंडातल्या मोठ्या नद्या बहुतेक दक्षिणेला उतरतात, ही मोएई उलटी उत्तरेकडे वाहत जाऊन साल्वीनला मिळते. पलीकडून क्षणभर काहीच आवाज नाही. मग, “उत्तरवाहिनी हाय? मग एकदा आंघूळ करून घे.” त्या दिवसापासून माझ्या जाण्याला घरात धार्मिक मान्यता मिळाली. एप्रिलात त्या उत्तरवाहिनीला पाणी किती, तर काही ठिकाणी माणसं ट्रकच्या ट्यूबवर बसून एका देशातून दुसऱ्या देशात जातात.

संक्रांत म्हटलं की आपल्याला जानेवारी आणि तिळगूळ. पण सूर्य काय, दर महिन्याला रास बदलतो. तो मेषेत जातो ती संक्रांत आपल्या पंचांगात एका ओळीत निपटते, तिकडं त्या ओळीवर चार दिवस गाव भिजतं. थायलंडात तिला सोंग्क्रान म्हणतात. बर्मी लोक ‘स’ लिहितात आणि त्याचा ‘थ’ उच्चारतात, म्हणून त्यांच्याकडे तीच थिंजान. आपला पाडवा चंद्राच्या चालीचा, त्यामुळे सरकत राहतो. त्या वर्षी तो ६ एप्रिलला येऊन गेला होता, आणि मी खोलीच्या खिडकीला पंचा आणि स्टीलचा पेला बांधून गुढी उभी केली होती. आठवडाभरात माझ्या वाट्याला दुसरं नवं वर्ष आलं. बाहेरच्या जगाचं २०१९, थाई लोकांचं बुद्धाब्द २५६२, बर्मी मुलांचं १७ एप्रिलला सुरू होणारं १३८१ आणि माझं शालिवाहन शक १९४१. चारही आकडे फळ्यावर लिहून मी मुलांना वजाबाक्या घातल्या. सणाच्या आदल्या दिवशी वजाबाक्या घालणारी बाई कुठल्याही देशात सारखीच नावडती.

या दिवसांत थाजामिन स्वर्गातून खाली उतरतो असं मानतात. स-चा थ करायचा हे लक्षात ठेवलं की थाजा म्हणजे शक्र, आपला इंद्र. मिन म्हणजे राजा. त्याच्या स्वागताला घराच्या दारात पाण्यानं भरलेली मडकी ठेवतात, त्यात जांभळाच्या कुळातल्या झाडाची कोवळी पानं आणि फुलं. येताना तो दोन वह्या घेऊन येतो. वर्षभर नीट वागलेल्यांची नावं सोन्याच्या वहीत, बाकीच्यांची कुत्र्याच्या कातड्याच्या वहीत. आपल्या चित्रगुप्ताची ही जरा आटोपशीर आवृत्ती. मुलांनी मला विचारलं, सयामा, तुमचं नाव कुठल्या वहीत? मी हसून टाळलं, पण उत्तर माझ्याकडे तयार होतं.

म्हणजे खरोखरच तयार होतं. मी एक वही ठेवत असे. घेतलेले तास, अपूर्णांकांची बेरीज जमायला लागलेली मुलं, स्वतःच्या पैशानं आणलेल्या कंपासपेट्या. निवृत्त माणसाला दिवसाचा हिशोब लागतो, हे झालं सांगायचं कारण. रात्री ती वही चाळताना मला फार बरं वाटायचं, हे न सांगायचं. सेवा करायला गेलेल्या माणसाच्या उशाशी अशी एखादी सोन्याची वही असतेच. कुणाची कागदाची, कुणाची फोटोंची. आणि तिच्या सगळ्या पानांवर एकच रकाना असतो, दिल्याचा.

पहिले दोन दिवस धमाल झाली. हमरस्त्यावर टेम्पो, टेम्पोत पिंपं, पिंपांभोवती पोरं. चौकाचौकात मांडव घातलेले आणि त्यावरून पाइपांनी पाण्याचा मारा. मांडवाला ते ‘मंडात’ म्हणतात, तेव्हा मला आमची गणपतीची मंडळं आठवली, आवाजाच्या बाबतीतही. दारू पिऊन गाड्या हाणण्यात तिकडची पोरंही मागे नाहीत. थायलंडात तर या आठवड्याला ‘धोक्याचे सात दिवस’ असं नावच पडलंय. शाळेत मुलांनी तांदळाच्या पिठाच्या गोळ्या केल्या. आत ताडगुळाचा खडा, उकळत्या पाण्यात सोडायच्या, तरंगून वर आल्या की काढायच्या, वरून ओलं खोबरं. उकडीच्या मोदकाची धाकटी भावंडंच. त्यात एक चावटपणा असतो: एखाद्या गोळीत गुळाऐवजी लवंगी मिरची. ती कुणाला द्यायची हे आधीच ठरलेलं असावं, कारण मी घास घेतला तेव्हा तीस जोड्या डोळे माझ्याकडे लागले होते. मी कोल्हापूरची आहे. शांतपणे चावली, गिळली आणि आणखी एक मागितली. पोरांचे चेहरे पडले. डोळ्यांतून पाणी आलं होतं, पण डोक्यापासून पायापर्यंत भिजलेल्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेमागच्या हापशाजवळ पाच प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. वस्तीतली चार म्हातारी माणसं आणून बसवली. थिंजानला तरुणांनी वडीलधाऱ्यांचं डोकं धुवायचं, नखं कापायची, असा रिवाज आहे. मी खांद्यावर टॉवेल टाकून मदतीला उभी राहिले. माझ्या वर्गातली चौदा वर्षांची एक मुलगी समोर आली आणि म्हणाली, “बसा, सयामा.” पाचवी खुर्ची माझी होती.

मी नको म्हटलं. पुन्हा म्हटलं. माझे केस कालच धुतलेत, मला सर्दी होईल, मी टॉवेल देते, मी पाणी हापसते. एकोणसाठाव्या वर्षी म्हाताऱ्यांच्या रांगेत बसवलं याचा राग त्यात थोडा होता, पण थोडाच. बाकीचं काय होतं त्याला मला नाव सापडेना. शेवटी शाळेची स्वयंपाकीण काहीतरी बोलली आणि मुलं हसली. मुलीनं मला तोडक्यामोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला: पाहुणीला नाही म्हणता येतं, सयामाला नाही.

बसले. “मान वाकवा, सयामा.”

वाकवली. पहिला पेला पाणी टाळूवर पडलं आणि मागोमाग वास आला. मी खुर्चीतून उठलेच जवळजवळ. शिकेकाई! तोच आंबूस, धुरकट, कडवट वास. तिकडं तिला किन्पुन म्हणतात. फालशाच्या कुळातल्या एका झाडाची साल पाण्यात भिजत घालतात, ते भेंडीच्या पाण्यासारखं बुळबुळीत होतं, आणि त्यात उकळलेल्या शिकेकाईच्या शेंगा चोळतात. तीच काटेरी वेल, त्याच चपट्या तपकिरी शेंगा. माझ्या माहेरी न्हाणीत तांब्याचा बंब पेटलेला असायचा, शेजारी घंगाळ, आणि तपेलीत रात्रभर भिजवलेली शिकेकाई रिठ्यांसकट उकळत असायची. आईचा हात दणकट. ती डोकं धुवायची म्हणजे घासायचीच. माझं डोकं शेवटचं दुसऱ्या कुणी धुतलं ते माझ्या बाळंतपणात, १९८६ साली, आईनंच. त्यानंतर तेहतीस वर्षं मी इतरांची धूत आले होते.

या मुलीचा हात वेगळा. बोटांची टोकं कानामागून वर सरकायची, थांबायची, पुन्हा खाली यायची. पाणी ओतायच्या आधी ती डावा तळवा वाटीसारखा माझ्या कानावर धरायची, आत थेंब जाऊ नये म्हणून. एका कानाचं झालं की दुसऱ्या कानावर. मला समोर दिसत होते फक्त तिचे पाय: निळी रबरी चप्पल, एका अंगठ्याच्या नखावर उडालेला लाल रंग, आणि त्यांच्यामधून वाहत जाणारं फेसाळ तपकिरी पाणी. कानावर तळवा आला की हापशाची करकर, पोरांचा गलका, सगळं लांब जायचं. माझ्या हातांचं काय करावं ते मला सुचेना. गुडघ्यांवर ठेवले, मग मांडीवर, शेवटी एकमेकांत अडकवून टाकले. चौतीस वर्षं या हातात खडू होता, त्याआधी आणि त्यानंतर झारा नाहीतर केरसुणी. नुसतं बसायची त्यांना सवयच नव्हती.

डोकं पुसून झाल्यावर ती समोर बसली आणि हात जोडून तीनदा जमिनीला कपाळ लावलं. वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर माफ करा, असं त्यात म्हणायचं असतं. आदल्याच आठवड्यात छेद समान न करता बेरीज केली म्हणून मी तिला सगळ्या वर्गासमोर फाडफाड बोलले होते. आता आशीर्वाद द्यायची पाळी माझी, आणि बर्मी येत नाही, इंग्रजीत असलं काही म्हणता येत नाही. “औक्षवंत हो,” म्हटलं. तिला ते बरोबर कळलं असावं.

केस वाळवत बसले असताना स्वयंपाकिणीनं विचारलं, तुमचं गाव भारतात नक्की कुठं? मुंबईच्या खाली, रत्नागिरीच्या शेजारी, असं मी हातवारे करून सांगितलं. कोल्हापूर म्हटल्यावर हललेला चेहरा मला परदेशात अजून भेटलेला नाही, म्हणून रत्नागिरी. ती एकदम सरळ बसली. “यदनागिरी?” रत्नाला ते ‘यदना’ म्हणतात. तिचं घराणं मूळचं मंडालेचं. इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत करून १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. तीस वर्षांनी, १९१६ मध्ये, तो तिथंच वारला. शाळेच्या सहलीत थिबा राजवाड्यासमोर रांगेत उभं करून मी किती तुकड्यांची डोकी मोजली असतील! तो कुणाचा तरी राजा होता हे मात्र त्या हापशाजवळ पहिल्यांदा जाणवलं. मी तिला सांगितलं, त्याची नात रत्नागिरीतच मराठी बोलत म्हातारी झाली. आणि आमचा एक मोठा माणूस त्याच इंग्रजांनी तुमच्या मंडालेत सहा वर्षं कोंडला होता, १९०८ ते १९१४. तिनं मान डोलावली आणि म्हणाली, म्हणजे फिटंफाट. ज्या किल्ल्यात टिळकांचा तुरुंग होता त्याच्या खंदकाभोवती थिंजानला सगळं मंडाले लोटतं, असं तिनंच सांगितलं. सहा चैत्र त्यांनी तो गलका ऐकला असेल का, हा विचार मग दिवसभर डोक्यात राहिला.

निघताना तिनं मला किन्पुनच्या वाळक्या शेंगांचं प्लास्टिकचं पाकीट दिलं. वही मी त्यानंतरही लिहीत होते. त्या दिवसाच्या पानावर काय लिहावं ते न कळल्यामुळे नुसती तारीख आहे.

पुढे त्या नदीकाठी जे झालं त्याबद्दल दुरून मी काय लिहिणार! फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्करानं म्यानमारची सत्ता घेतली. २०२४ च्या एप्रिलात, ऐन थिंजानच्या तोंडावर, म्यावडी लढाईत लष्कराच्या हातचं गेलं आणि माणसं त्याच पुलावरून थायलंडात धावली. ती मुलगी आता विशी ओलांडलेली असेल. तिचा नंबर लागत नाही.

मी २०१९ च्या मेअखेरीस परत आले, आणि ऑगस्टात आमच्याकडे पाणी आलं.

आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. कोल्हापूरकराला पुराचं कौतुक असतं हे बाहेरच्याला पटायचं नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथं शेंबड्या पोरालाही पाठ. पाणी वाढलं की माणसं ‘पूर बघायला’ निघतात, हातात भज्यांचा कागद. तिकडं नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा, आणि त्यात स्नानाला झुंबड. आत्याबाईंनी तो योग हयातीत किती वेळा साधला त्याचीही मोजदाद होती. पण २०१९ च्या त्या आठवड्यात पातळी ५५ फुटांच्या वर गेली. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, गावाचं बेट झालं, आणि पूर बघायचा राहिला नाही. तो जिना चढून वर येत होता.

तालमीची पोरं नाव घेऊन आली. एकानं आत्याबाईंना पाठुंगळीला घेतलं आणि नावेत बसवलं. बसल्या बसल्या आत्याबाईंनी कनवटीची वीस रुपयांची नोट काढून त्याच्यापुढे धरली. “ऱ्हाऊ द्या आज्जी,” म्हणून तो पुढच्या घराकडं वळला. नोट हातातच राहिली. त्यांचा चेहरा असा झाला, की त्या पोरानं काहीतरी अपमान केला असावा.

उंचावरच्या एका शाळेत आमची सोय झाली. वर्गात सतरंज्या, फळ्यावर अर्धी पुसलेली कविता. जेवणाच्या रांगेत ताट धरून उभी होते तर खिचडी वाढणाऱ्यानं पळी तशीच धरली. “बाई? तुम्ही?” माझाच विद्यार्थी, कुठल्या वर्षाचा ते आठवेना. त्यानं मला दोन पळ्या जास्त वाढल्या. मी ताटाकडे बघत पुढं सरकले. थँक्यू म्हणायचं राहिलं.

सगळीकडे पाणी आणि नळ कोरडे. उपसा केंद्रंच बुडालेली, त्यामुळे प्यायचं पाणी टँकरनं. पाचव्या दिवशी आत्याबाईंच्या केसांना गाळाचा वास यायला लागला. सोलापूरकडून मदतीला आलेली कॉलेजची एक मुलगी अर्धी बादली पाणी आणि शांपूची पुडी घेऊन आली. आज्जी, डोकं धुवून देऊ का?

“मी काय हातापायानं गेले हाय व्हय, परक्या पोरीकडनं धुवून घ्यायला?”

मुलगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “आत्याबाई, मी घेतलंय धुवून. तिकडं.”

“कुणाकडनं?”

“शाळेतल्या एका पोरीकडनं.”

“कुणाची पोरगी?”

“ठाऊक नाही. आईबाप नदीपल्याड होते तिचे.”

आत्याबाई बराच वेळ समोरच्या फळ्याकडे बघत राहिल्या. मग अंबाडा सोडला. “पाणी ऊन हाय का?”

ऊन नव्हतं. तरी त्या व्हरांड्यात पायरीवर बसल्या आणि मान पुढं केली. मुलीनं पहिला तांब्या ओतला तसं, “कानात घालू नको ग बया,” आणि पुडी फोडल्यावर, “ह्यो कसला वास म्हनायचा? शिक्काई न्हाई व्हय तुमच्यात?” मुलगी हसू दाबत होती. पाणी कमी, फेस उदंड, त्यामुळे बराच वेळ लागला. मी टॉवेल घेऊन उभी होते.

दहाव्या दिवशी घरात शिरलो. भिंतींवर पुरुषभर उंचीची गाळाची रेघ. बंब आडवा पडलेला, पोटात चिखल. गाद्या, धान्य, माझी वही, सगळं एकाच रंगाचं. मी खालच्या कपाटापासून सुरुवात केली. फळीवर मे सोतहून आणलेलं पाकीट फुटून पडलं होतं, शेंगा गाळात मिसळून गेल्या होत्या. ओलं फडकं फिरवलं तसा चिखलाला फेस आला. बाहेरून आत्याबाई म्हणाल्या, “शिक्काई उकळायला घातली का ग कुणी?”